अहो, आधी गच्चीवर चला!

धाराशिवात घर विकायला काढलं की सल्ले ठरलेले असतात. रंग मारा, हॉलला पीओपी करा, जुन्या फरशीवर टाइल्स टाका. आमच्या घरासाठीही हीच यादी तयार होती. तेवढ्यात गच्चीचा उतार बघायला आलेले मिस्त्री सहज म्हणाले, "एवढं पावसाचं पाणी गटारात कशाला सोडताय?" त्या एका प्रश्नानं मला जे दिसायला लागलंय, ते सांगितल्याशिवाय राहवतच नाही!

हिशेब तर बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची सुमारे ९३ चौरस मीटर भरते. बऱ्या सालातला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६५,००० लिटर! उडालेलं-सांडलेलं सोडून ८० टक्केच हाती लागलं, तरी ५२,००० लिटर. पाच-पाच हजार लिटरचे दहा टँकर दर साली आपल्याच डोक्यावर रिते होतात! शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आठवलं की हा आकडा अंगावर येतो.

आणि हे पाणी जमिनीत मुरवायचं काम किती साधं! गच्चीची पन्हाळं एका पीव्हीसी पाइपला जोडायची. बोअरभोवती खड्डा घ्यायचा, त्यातल्या केसिंगला बारीक छिद्रं पाडून वर नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळायची. खड्ड्यात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर वाळू. पाइपला एक व्हॉल्व्ह हवाच, कारण पहिल्या सरींचं धुळीचं पाणी बाहेर सोडायचं असतं. मोरी-संडासाचा थेंबही इकडे येता कामा नये. पहिल्या मोठ्या पावसात मी त्या खड्ड्याशी छत्री धरून उभा होतो. गढूळ पाणी वाळूवर यायचं, क्षणभर थबकायचं आणि गट्ट! बघता बघता आत. काळ्या पाषाणाच्या भेगांमधून ते आपल्याच बोअरच्या आसपास मुरतंय, या कल्पनेनंच मी हरखून गेलो.

मग गच्चीनं मला सोडलंच नाही. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं भर मे महिन्यात गार असायची. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि उमरगा-लोहारा भागात त्याच जड मातीच्या छतांखाली, दगडी भिंतींखाली माणसं गाडली गेली. लोकांनी स्लॅब आणि पत्रे जवळ केले ते जिवाच्या भीतीनं, आणि ते योग्यच होतं. आता माळवदाचा गारवा हवा, पण त्याचं ओझं नको. त्याचं उत्तर आहे चुना! चुन्यात फेव्हिकॉल कालवून स्लॅबवर दोन-तीन हात दिले. भर दुपारी अर्धी गच्ची रंगवून झाली होती, अर्धी तशीच. अनवाणी पाय काळपट भागावर ठेवला तर चटका, पांढऱ्या भागावर मात्र उभं राहता येत होतं! पाण्याशेजारी गारवा बांधून घ्यायची हौस तर आपल्या जिल्ह्याला जुनीच आहे. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात १६१३ साली पाणीमहाल उभा राहिला, तो अजून बघता येतो.

उरलेल्या गच्चीवर सोलर. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. एवढ्या पॅनेलवर महिन्याला ३०० युनिटच्या आसपास वीज होते, आणि नेट मीटरमुळे जास्तीची वीज महावितरणकडे आपल्या खात्यात जमा राहते.

आता गिऱ्हाईक येतं तेव्हाची गंमत ऐका. आपल्याकडे घर बघायला आलेला माणूस देवघराच्याही आधी विचारतो, "बोअर उन्हाळ्यात टिकतं का?" मी त्यांना थेट खड्ड्यापाशी नेतो, मग गच्चीवर, मग हातात वीजबिल देतो. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेलाच असतो, वेगळं काही पटवावं लागत नाही. पीओपीकडे वर न बघणारी माणसं खड्ड्याशी वाकून वाळूत हात घालतात. बायका विचारतात, "कपडे धुवायला बोअरचंच पाणी का?" घासाघीस होतेच, पण ती पाण्यावरून सुरू होते, आणि तिथं आपली बाजू भक्कम असते!

घर विकायचं असेल तर रंगाचा डबा नंतर उघडा. मृगाला अवकाश आहे तोवर टेप घेऊन गच्चीवर जा, लांबी-रुंदी मोजा, गुणाकार करा आणि मिस्त्रींना बोलवा. आणि घर विकायचं नसेल? मग तर आजच करा, कारण ते पाणी तुम्हालाच प्यायचंय!