जुने यंत्र, जुनी अक्षरे

आमच्या काचीगुड्याच्या घरातून वस्तू सहजासहजी बाहेर जात नाहीत. पूर्वजांनी मराठवाड्यातून येताना आणलेले घंगाळ अजून माळ्यावर आहे. तेव्हा २०१२ साली घेतलेला लॅपटॉप दुरुस्त करावा की नवा घ्यावा, ह्यावर आम्हां उभयतांत तीन महिने खल चालला, ह्यात नवल ते काय?

वास्तविक निकाल उघड होता. यंत्र सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊनही होई. त्यातील विंडोज ७ ह्या प्रणालीची सुरक्षाविषयक मदत १४ जानेवारी २०२० रोजीच थांबली. विंडोज १० घालावी, तर तिचीही नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची जी सोय लागते, ती ह्या यंत्रात नाही. पुण्याच्या चिरंजीवांनी दूरध्वनीवरूनच फर्मावले, "बाबा, नवा घ्या. त्याच्यावर आता एक रुपयाही घालू नका."

परंतु त्या यंत्रात आमच्या तीर्थरूपांच्या आठवणी आहेत. १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाई झाली तेव्हा ते वीस वर्षांचे होते. उतारवयात ते सांगत आणि सौभाग्यवती टंकीत. अशी २१२ पाने झाली. तो मजकूर युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये आहे. त्या फाँटांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असत. फाँट नसलेल्या यंत्रावर उघडले की पानभर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. टंकलेखनाची ती आज्ञावली एका छोट्या कुलूपकिल्लीवर चाले आणि नव्या प्रणालीवर ती चालतच नाही. छापून ठेवता येते, हे खरे. पण छापील पानात शोध घेता येत नाही, की दुरुस्ती करता येत नाही. आम्हांला तर पुस्तक काढायचे आहे.

अखेर सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो. तेथील कारागिराने पाठीमागचे झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, "फेंको नक्को साब." मनुष्य सचोटीचा. आम्ही रॅम वाढवायला निघालो होतो, तर त्यानेच आवरले: प्रणाली ३२-बिट आहे, ४ जीबीच्या वरची रॅम तिला वापरता येणार नाही, पैसे वाया जातील. त्याने फिरत्या तबकडीवरचे सारे जसेच्या तसे एसएसडीवर उतरवून दिले. आता चहा मागून होतो. यंत्राला इंटरनेट मात्र जोडायचे नाही, असे आम्ही ठरविले आहे. नव्या लॅपटॉपचे पुस्तकानंतर पाहू.

सध्या रोज तीन पाने युनिकोडमध्ये नेतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांवर विसंबता येत नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकली जाई, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा. त्यामुळे रूपांतरात त्या दोन खुणा जागा सोडून भलत्याच अक्षरावर बसतात. तीर्थरूपांच्या लेखनात 'निर्वासित' हा शब्द पानापानावर आहे. दोन वेलांट्या, एक रफार. तो दर वेळी मोडूनच येतो, आणि सौभाग्यवती चष्मा सावरून तो पुन्हा हाताने टंकतात.