जुन्या सीडीवरचे चरे



आपल्या बहुतेकींच्या कपाटात पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या व्हीसीडी पडून असतील. लग्नं, दीक्षा, पारणी, प्रतिष्ठा. लावल्या की चित्राचे चौकोन होतात आणि अडकतं. फेकून देण्याआधी हे वाचा.

आमच्याकडे सासूबाईंच्या वर्षीतपाच्या पारण्याची व्हीसीडी आहे, २००५ च्या अक्षय तृतीयेची. सासूबाईंचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. नेमकं उसाच्या रसाचा पहिला घोट घेण्याच्या वेळी चित्र थांबायचं. त्याचं कारण साधं आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेला येतो आणि आपली बोटं लागतात तीही कडेलाच.

सीडी जेमतेम १.२ मिलिमीटर जाड असते. त्यातलं जवळजवळ सगळं पारदर्शक प्लास्टिक. चित्र आणि आवाज त्या प्लास्टिकच्या वर, छापील बाजूच्या लगेच खाली असतात. चकचकीत बाजूला चरा पडला तर चित्र पुसलं जात नाही, फक्त ते वाचणारा प्रकाश वाकडा होतो. ज्ञानावरणीय कर्माला डोळ्यांवरच्या पट्टीची उपमा देतात ना, तसंच. दृष्टी गेलेली नसते, झाकलेली असते.

आता कृती. तांब्याभर गाळलेल्या पाण्यात साबणाचा एक थेंब घालून सीडी धुवा, मऊ सुती कापडाने टिपा. पुष्कळदा चरा नसतोच, आपल्या कोकणातल्या पावसाळ्याचा ओशट थर असतो. चरा दिसलाच तर सीडी मऊ कापडावर छापील बाजू खाली करून ठेवा. हिरवा ठिपका बघून घेतलेली साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, मुगाएवढी घ्या. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत घासा. गोल गोल मुळीच नको. घासताना बारीक रेघा पडतातच. त्या आडव्या असल्या तर प्रत्येक फेरीत थोडंसंच तुटतं आणि ते यंत्र भरून काढतं. रेघ गोलाईत गेली तर सलग मोठा तुकडा जातो. पाच मिनिटांनी धुवा, पुसा, लावून बघा.

आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करतात. तो कागद घरात असला तरी सीडीला लावू नका. चरा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचं प्लास्टिक झिजून तो उथळ होतो. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर हा खर्च भांडवलातून होतो. म्हणून दोनदा, फार तर तीनदा.

सासूबाईंची सीडी दुसऱ्या खेपेला चालली. मध्ये दोन-तीन सेकंद जातात, पण रस पिऊन झाल्यावर त्या हात जोडून जे बोलल्या ते पूर्ण ऐकू आलं. लगेच ती संगणकात उतरवून घेतली. व्हीसीडीत 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर असतो, त्यातली मोठी फाइल कॉपी करायची.

मग रोह्याहून दादाने भाच्याबरोबर दिवा-रोहा गाडीने एक सीडी पाठवली. वडिलांच्या शेवटच्या दिवाळीचं चोपडापूजन. चकचकीत बाजू आरशासारखी स्वच्छ. पण छापील बाजूला कुणीतरी बॉलपेनने नाव लिहिलेलं, आणि खिडकीकडे धरली तर टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसत होते. तिथला चांदीसारखा थरच गेला होता. तिथे घासायला काही उरत नाही. डीव्हीडीत हा थर दोन तबकड्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती या बाबतीत टिकाऊ.

दादाला फोन केला. "दादा, ही नाही व्हायची."

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आत्याकडे एक प्रत दिली होती वाटतं. विचारतो."

त्या प्रतीची वाट बघते आहे. मिळाली तर आधी उतरवून घेईन, मगच बघेन.

तुम्हीही पर्युषणाच्या आधी एक दुपार काढा. प्रत्येक सीडी उजेडाकडे धरून बघा. ठिपके दिसले तर घासण्यात वेळ घालवू नका, नणंदा-जावांना, मावशी-आत्यांना फोन करा. त्या काळी कॅसेटवाला दोन-तीन प्रती देत असे. एखादी कुणाच्या तरी ट्रंकेत नक्की असेल, आणि ती ट्रंक कुठे आहे हे सांगणारी माणसं अजून आहेत तोवर विचारलेलं बरं.