एमएससीआयटीच्या नावाखाली

पुतण्या आठवीत आहे. मागच्या महिन्यात फुलसावंगीहून त्याचा फोन आला.

"काका, मले प्लेस्टेशन पाहिजे. पप्पा नाही म्हणून राह्यले. तुम्ही सांगा न."

"काय करतो त्याचं?"

"खेळतो. अजून काय?"

मला हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. त्याच घरात, जवळपास त्याच वयात, मला हे उत्तर देता आलं नव्हतं. मी वेगळं उत्तर दिलं होतं. त्या उत्तराला दोन अक्षरं नव्हे, चांगलं सर्टिफिकेट होतं: एमएससीआयटी.

साल 2006. मी नुकताच दहावी झालो होतो. एमकेसीएलचा हा कोर्स 2001 मध्ये सुरू झाला आणि सरकारी नोकरीला तो लागतो, हे तोवर गावोगाव पोचलं होतं. बाबांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण एमएससीआयटी माहीत होतं. "घरी प्रॅक्टिस केली तर पक्कं होते," असं मी सांगितलं. दिवाळीत कापसाचा पहिला वेचा विकल्यावर पुसदहून असेम्बल केलेला पीसी आला. बावीस हजार. त्यासोबत दुकानदाराने दोन सीड्या दिल्या. एकीत मराठी टायपिंग होतं, दुसरीत प्रोजेक्ट आयजीआय.

त्याआधी गावात टीव्ही गेम येऊन गेला होता. 1983 च्या जपानी फॅमिकॉमची ती स्वस्त नक्कल. कॅसेट निघाली की तिच्यात फुंकर मारायची, परत खोचायची आणि कॉन्ट्रा खेळायचा. पण टीव्ही घरात एकच. बातम्यांची वेळ झाली की बाबा वायर उपटायचे. शिवाय त्या डब्याला खेळण्यापलीकडे काही येत नव्हतं, त्यामुळे त्याची बाजू घ्यायला आमच्याकडे शब्दच नसायचे. "अभ्यास सोडून हे काय?" या प्रश्नावर तो डबा कायम हरायचा. पीसी कधी हरला नाही.

मग व्हाइस सिटी आला. आमच्या पिढीच्या डोक्यात तो कॉम्प्युटरचाच गेम आहे. खरं तर तो ऑक्टोबर 2002 मध्ये आधी प्लेस्टेशन 2 वर आला, पीसीवर 2003 मध्ये. प्लेस्टेशन 2 जगभर पंधरा कोटींच्या वर खपला. आमच्या गावात मी एकही पाहिला नाही. पैशांचा प्रश्न होताच, पण तेवढाच नव्हता. बावीस हजार तर बाबांनी दिलेच होते. प्लेस्टेशनला एमएससीआयटी येत नव्हतं, हा खरा प्रश्न.

आयजीआयमध्ये मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नव्हती. अर्धा तास जपून जपून पुढे जायचं, शेवटचा टॉवर दिसायचा आणि लाइन जायची. त्या वर्षांत विदर्भातल्या खेड्यांत लाइन किती तास नसायची, हे तिथे राहिलेल्यालाच विचारा. लाइन आली की पहिल्या कुंपणापासून परत सुरुवात. एका रात्री मी असाच परत सुरुवात करून बसलो होतो, तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले. मी ऑल्ट-टॅब दाबलं. स्क्रीनवर एक्सेलची कोरी शीट.

बाबा थोडा वेळ त्या चौकटींकडे बघत राहिले. म्हणाले, "यात हिशेब होते का?"

"होते."

"मग कापसाचा लाव."

दुसऱ्या दिवशी ते डायरी घेऊन बसले. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी, गाडीभाडं. ते सांगत होते, मी टाकत होतो. मग क्विंटल आणि भाव. बेरजेचं बटण मीच दाबलं. खर्च वजा जाऊन जे उरलं ते बावीस हजारांपेक्षा कमी होतं.

ते वर्ष यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येण्याचं होतं, आणि ते कशासाठी येत होतं हे सगळ्यांना माहीत आहे. बाबा काही बोलले नाहीत. "बरोबर हाय," एवढंच म्हणाले आणि डायरी मिटली. मी त्या रात्री खेळलो नाही. पुढच्या रात्री खेळलो. सोळा वर्षांचा होतो.

एमएससीआयटी मी पास झालो. आज पुण्यात ज्या कंपनीत आहे तिथे दिवसभर शीटच भरतो. म्हणजे खोटं बोलून आणलेलं यंत्र निम्मं खरं निघालं.

पुढे पीसी आणि कन्सोल दोघांनाही फोनने मागे टाकलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, 2018 मध्ये पबजी मोबाइल. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, 2021 मध्ये तो बीजीएमआय होऊन परत आला. पण पुतण्याच्या हातात फोन आला तो लॉकडाउनमधल्या ऑनलाइन शाळेसाठी. पुन्हा अभ्यासच. आमच्याकडे घरात तेच यंत्र शिरतं ज्याला अभ्यास म्हणता येतं. खेळ त्याच्या पाठीमागे लपून येतो.

आता पुतण्याला फोन पुरत नाही. जीटीए 6 येतोय, पुन्हा व्हाइस सिटीतच, आणि जाहीर झालाय तो प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीचं नाव नाही. मी म्हटलं, पीसी घेऊ, पुढे कामात येईल. त्याने मला गणित समजावलं: फेब्रुवारी 2021 मध्ये प्लेस्टेशन 5 भारतात 49,990 रुपयांना आला, आणि चांगल्या ग्राफिक कार्डालाच तेवढे पैसे लागतात. गणित बरोबर होतं. तरी माझ्या तोंडून निघालंच, "अन् अभ्यासाचं काय?"

तिकडे फोन स्पीकरवर होता. मागून बाबांचा आवाज आला.

"पोट्टा खरं तं बोलून राह्यला. तुह्या एमएससीआयटीत बंदुकीचे आवाज लय येत होते."

वीस वर्षं ते काही बोलले नव्हते. मला काय उत्तर द्यावं सुचेना, म्हणून मी या वर्षी कापूस किती झाला ते विचारलं.