दोन सुतार, दोन संसार

सुतारपक्षी म्हटला की खोडावर टकटक करणारा एकलकोंडा कारागीर डोळ्यांपुढे उभा राहतो. पण एकाच कुळातल्या दोन सुतारांचे संसार किती निराळे असावेत!

कॅलिफोर्नियात कार्मेलच्या खोऱ्यात हिंडताना एका जुन्या ओकपाशी मी थबकलो. खोडाची नुसती चाळण झालेली, आणि भोकाभोकांत ओकचे एकेक फळ ठाकून बसवलेले. हे एकॉर्न सुतारांचे कोठार! एखाद्या कोठारात अशी ५०,००० पर्यंत भोके असतात. फळ वाळून सैल झाले, की पक्षी ते काढून लहान भोकात बसवतात. लाल टोपी, पांढरे डोळे, चेहरा विदूषकाचा. कारभार मात्र पक्क्या व्यापाऱ्याचा. घरही एकत्र कुटुंबाचे. थोरली पिले वर्षानुवर्षे आईबापांपाशी राहून धाकट्यांना भरवतात. दोन माद्या एकाच ढोलीत अंडी घालतात, तेव्हा जी आधी घालील तिचे अंडे फुटते. दोघी एका वेळी घालू लागल्या की तंटा मिटतो. जावाजावांचे हे राजकारण आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको!

आपल्या सह्याद्रीतला तांबूस सुतार मी आंबोलीच्या रानात पाहिला. रंग विटकरी, अंगावर काळ्या रेघा. ना कोठार, ना गोतावळा. तिथे झाडांवर काळ्या मुंग्या लगद्याची गोल घरटी बांधतात. डिवचल्या की शेपटाकडचा भाग वर उचलून धावून येतात. याचे मुख्य अन्न मुंग्याच. आणि विणीच्या दिवसांत नर-मादी मुंग्यांच्या त्याच नांदत्या घराला भोक पाडून आत बिऱ्हाड थाटतात! ज्याच्या घरी जेवायचे त्याच्याच घरी राहायचे, असा हा जावई.

भाषेच्या मास्तराला गंमत वाटली ती नावांची. एकॉर्न सुताराच्या शास्त्रीय नावातल्या ‘फॉर्मिसिव्होरस’चा अर्थ ‘मुंगीखाऊ’. ते बिरुद खरे शोभते आपल्या तांबूसला. पण नाव पडले कोठारवाल्याचे!

कोठाराचे झाड एका पिढीत तयार होत नाही. ते कोसळले, की पिढ्यांची मेहनत मातीला मिळते. १९९० नंतरच्या काळात कॅलिफोर्नियात एका रोगाने ओक मोठ्या संख्येने वाळले. आपल्याकडे रोगाचीही गरज नसते. बागेतल्या झाडावर मुंग्यांचे घरटे दिसले, की आपण कोयता मागवतो. कोकणात बाग असेल त्यांनी कोयता चालवण्यापूर्वी त्या घरट्याला एक गोल दार तर नाही ना, एवढे पाहून घ्यावे.