वैनगंगेच्या काठी घर हवं?

मैत्रिणींनो, नदीकाठी आपलं छोटंसं घर असावं असं कुणाला वाटत नाही? मलाही वाटे. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं भंडाऱ्याला, गणेशपूरच्या बाजूला एक प्लॉट बघायला गेलो.

पूर्वी वैशाखात इथे वैनगंगेच्या वाळूत टरबूज-डांगरांच्या वाड्या असायच्या. पुढे १९८८ साली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली, आणि आता त्या धरणाचं पाणी मागे थेट कारध्याच्या पुलापर्यंत येऊन ठेपतं. भर मे महिन्यात नदी काठोकाठ! त्या देखाव्यापायीच तर काठच्या प्लॉटांना गिऱ्हाईक येतं. मात्र ह्याच पाण्यासाठी कितीतरी गावं उठली, आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, पुढे कन्हानमधून ह्याच जलाशयात येतं, हे काठावर उभं राहून कळत नाही हं!

संध्याकाळचा वारा सुटला होता. आमचे हे खूश. मी तर मनातल्या मनात स्वयंपाकघराची खिडकी नदीकडे काढलीसुद्धा! एवढ्यात शेजारच्या आजीबाई पाणी घेऊन आल्या. त्यांच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्याही वर मातकट रेघ होती. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथवर पानी होता, बाई!"

ऑगस्ट २०२० अखेरची ती गोष्ट. वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, संजय सरोवराचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा घराघरांत शिरली. गव्हाची पोती, गाद्या, लेकीच्या लग्नातला शालू, सगळं चिखलात गेलं. "भांडी तेवढी वाचली. पितळेची होती ना!" आजीबाई हसल्या. भंडारा पितळी भांड्यांचं गाव, पण मला काही हसू येईना.

तेव्हा इसार देण्याआधी एवढं कराच. २०२० साली पाणी कुठवर आलं होतं, ते दलालाला नको, शेजारणींना विचारा. जलसंपदा खात्याकडून पूररेषा बघून घ्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, तिच्या आत बांधकाम नको. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. कारध्याला धोक्याची पातळी २४५.५ मीटर आहे. आपलं जोतं त्याच्या किती वर येईल, तेही मोजून घ्या.

आम्ही इसार दिला नाही. हे दोन दिवस गप्प होते. आता सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन नदीवर जातो, आणि अंधार पडायच्या आत घरी परततो.