दहा रुपयांची बट

माझी दादी मणेरीण होती. भोरमधून पहाटेची एसटी पकडून नसरापूरला उतरायची आणि तिथून मार्गासनी, विंझर करत वेल्ह्यापर्यंत बांगड्यांची पेटी घेऊन फिरायची. पेटीच्या तळाशी बांगड्यांखेरीज आणखी बरंच काही असायचं. आकडे, रिबिनी, फण्या, चाप, गंगावन. गावातल्या बायका बांगड्या भरायला ओसरीवर बसायच्या आणि उठताना एखादी आकड्यांची पुडी घेऊन जायच्या. दादी म्हणायची, बांगडी सणाला विकते, पण पोट आकड्यांवर चालतं.

ती पेटी आता आपाच्या घरात आहे. आपा माझी मोठी बहीण. भोरमध्ये घरातल्याच पुढच्या खोलीत तिचं छोटं पार्लर आहे. आरसा, दोन खुर्च्या, एक पडदा. लग्नसराईत तिला वेल्ह्याकडच्या गावांतून बोलावणं येतं, कारण नवरीला तयार करायला पुण्याहून कुणी बाई आणायची तर गाडीभाड्यासकट जो आकडा होतो तो तिथल्या कुठल्याच बापाला परवडत नाही. वेल्ह्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणायचं ठरलंय, पण आपाच्या वहीत अजून वेल्हेच आहे.

चार वर्षांपूर्वी वैशाखात अशाच एका लग्नात तिच्या हातून एका नवरीचा कान भाजला. नवरीला बटा हव्या होत्या. विजेचा चिमटा तापवला, दोन बटा झाल्या आणि लाईट गेली. लाईट आली तेव्हा वऱ्हाड दारात होतं. घाईत चिमटा कानाला लागला. फार नाही, पण फोड आला. नवरी काही बोलली नाही, तिची आई बोलली. आपा त्या रात्री घरी आली आणि मला म्हणाली, "तू एवढे साचे बनवतोस, मला विजेशिवाय चालणारं काहीतरी बनवून दे. स्वस्त. गावातल्या पोरी विकत घेतील असं."

मी टूलरूममध्ये फिटर आहे. पुणे-सातारा रस्त्यालगतच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या साच्यांचं काम करतो. आयटीआय झाल्यापासून वीस वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे लोखंड घासलं. गाडीच्या डॅशबोर्डचे तुकडे, दिव्यांची घरं, झाकणं. काय बनवायचं हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. ते आपाने विचारलं.

आधी केस कुरळा का होतो ते समजून घेतलं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्या एकमेकींना दोन तऱ्हेने धरून ठेवतात. एक नाजूक धरणं, ज्याला हायड्रोजन बंध म्हणतात. पाण्याने ते सुटतात आणि केस वाळला की जिथे असेल तिथे पुन्हा जुळतात. म्हणजे ओला केस गोल गुंडाळून वाळवला तर तो गोलच राहतो. दुसरं धरणं गंधकाचं, पक्कं. ते पाण्याने सुटत नाही, त्याला रसायन लागतं. कायमच्या कुरळ्या केसांचं जे पर्मिंग असतं ते हे. थोडक्यात, एका दिवसाच्या बटांना आगीची गरज नाही. पाणी, वेळ आणि गुंडाळायला काहीतरी, एवढं पुरतं. चिमटा फक्त वेळ वाचवतो. मात्र जे पाण्याने जुळतं ते पाण्यानेच सुटतं. वेल्ह्याच्या पावसाळ्यात, जिथे आठवडाभर कपडे वाळत नाहीत, तिथे ही बट तासभरही टिकणार नाही. हे मी आपाला आधीच सांगितलं. ती म्हणाली, पावसाळ्यात लग्नं कुठे असतात?

बाजारात रोलर मिळतात. जाळीदार नळी आणि तिच्यावर बसणारा वेगळा चाप. त्यातला एक मी कारखान्यात नेऊन पाहिला, तेव्हा स्वस्तात का बनत नाही ते कळलं. साचा दोन पाट्यांचा असतो. पाट्या मिटतात, वितळलेलं प्लास्टिक आत जातं, थंड होतं, पाट्या उघडतात, वस्तू बाहेर पडते. पाट्या ज्या दिशेने उघडतात त्या दिशेची भोकं फुकट पडतात. नळीला चहूबाजूंनी भोकं हवी असतील तर साच्यात आडवे सरकणारे भाग घालावे लागतात. त्याने साच्याची किंमत दुप्पट-तिप्पट होते. भोकं काढूनही चालत नाही, कारण हवा खेळली नाही तर केस वाळणार कसा?

म्हणून मी नळी सोडून दिली. उघडलेल्या पुस्तकासारखी वस्तू आखली. एका बाजूला उपडी पन्हळ, तिच्यावर केस गुंडाळायचा. दुसऱ्या बाजूला झाकण, ते मिटलं की केस धरून ठेवतं. दोन्हींच्या मध्ये कागदासारखी पातळ पट्टी, तीच बिजागरी. सगळी भोकं पाट्या उघडण्याच्या दिशेने. सुटे भाग नाहीत, स्प्रिंग नाही, जोडणी नाही. मशीनमधून पडलं की तयार.

ही बिजागरी पॉलिप्रॉपिलीनचीच करावी लागते. शाम्पूच्या बाटलीचं झाकण हजार वेळा उघडलं तरी तुटत नाही, ते याच प्लास्टिकमुळे. पट्टी पाव ते अर्धा मिलिमीटर जाड ठेवायची. प्लास्टिक आत शिरण्याचं तोंड, म्हणजे गेट, असं ठेवायचं की प्लास्टिक एका बाजूने शिरून बिजागरीवरून वाहत दुसऱ्या बाजूला जाईल. वस्तू साच्यातून गरम निघते तेव्हाच ती दोन-चार वेळा मिटून उघडायची. त्याने आतल्या साखळ्या एका दिशेला ओढल्या जातात आणि घडी पक्की होते. हे मला पाठ होतं.

आता हिशोब. एक नग आठ ग्रॅमचा. दाणा किलोला शंभराच्या थोडा वर, म्हणजे नगाला पंच्याऐंशी पैसे. एका वेळी दोन नग काढणारा साचा, अर्ध्या मिनिटाला एक शॉट, तासाला २४० नग. मशीनचं भाडं तासाला ३००, म्हणजे नगाला सव्वा रुपया. पुडीचे तीस पैसे. झाले दोन रुपये चाळीस पैसे. दुकानदाराला साडेसातला द्यायचा, त्याने दहाला विकायचा. नगामागे पाच रुपये दहा पैसे सुटतात. पण साचा ७२,००० रुपयांचा. म्हणजे चौदा हजार नग विकले गेल्यावर पहिला रुपया आपला. प्लास्टिकच्या धंद्यातली गंमत हीच आहे. वस्तू स्वस्त असते, पहिली वस्तू महाग असते.

ते ७२,००० आपाने दिले. तिच्या सोन्याच्या दोन बांगड्या होत्या. गहाण टाकल्या तर व्याज भरावं लागणार, आणि व्याजाच्या पैशाने सुरुवात नको म्हणून तिने त्या सरळ मोडल्या. अम्मी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

आणि मी काय केलं? पहिल्याच घाण्याला पैसे वाचवायला गेलो. जिथे मशीन भाड्याने घेतलं होतं तिथे फेरदाणा पडून होता, एकदा वापरून दळलेला, निम्म्या भावात. मला माहीत होतं की त्यात कशात काय मिसळलंय ते सांगता येत नाही आणि पातळ बिजागरीला ते सोसत नाही. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी हात धरला असता. पण खर्च आपला होता. वाटलं, चालून जाईल. २,००० नग काढले. आपाने ते आसपासच्या ओळखीच्या बायकांना दिले. आठवड्यात झाकणं तुटायला लागली. ज्यांची तुटली नाहीत त्यांचे केस अडकून तुटले, कारण दोन पाट्यांच्या सांध्यावर प्लास्टिकची धारदार झालर आली होती. शिवाय बट गोल येत नव्हती. पन्हळीच्या दोन कडांवर केसाला मोड पडत होता, दुमडलेल्या कागदासारखा.

भोरचं आणि प्लास्टिकचं एक जुनं नातं आहे. भोर इंडस्ट्रीज या कंपनीचा १९८९ सालचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल अबकारी कर शिकणारे आजही वाचतात. प्लास्टिकचं लेदरक्लॉथ बनवताना मधल्या टप्प्यावर पीव्हीसीची कच्ची फिल्म तयार व्हायची. कर खात्याचं म्हणणं, वस्तू तयार झाली, कर भरा. न्यायालय म्हणालं, नुसती वस्तू तयार होऊन भागत नाही. बाजार जिला माल म्हणून ओळखतो, जी विकली जाऊ शकते, तीच माल. माझ्या घरात पलंगाखाली २,००० वस्तू पडल्या होत्या. माल एकही नव्हता.

त्या दिवसांत नातेवाईक बोलून घेत होते. एक फुफा म्हणाले, "आपल्या बायका डोक्यावरून ओढणी घेतात, मग बटा कुणाला दाखवायच्या?" मी खाली मान घालून बसलो. आपाने चहा ठेवता ठेवता उत्तर दिलं, "फुफाजान, आरसा घरातच असतो." पुढे ती असंही म्हणाली की तिच्याकडे येणाऱ्यांत निम्म्या बुरख्यातून येतात, आणि लग्नाच्या बायकांच्या बैठकीत ओढण्या उतरल्या की कुणाचे केस कसे आहेत हे फक्त बायकांनाच कळतं. फुफा हसले. विषय तिथे संपला.

मला मात्र तिने सोडलं नाही. घरात आम्ही दखनी बोलतो. ती म्हणाली, "एक भी औरत कू पूछ्या क्या तू?" खरंच, नव्हतं विचारलं. वीस वर्षं मायक्रोमीटर धरणाऱ्या माणसाने एकाही बाईच्या केसाला रोलर लावून पाहिला नव्हता. तिने मला खुर्चीच्या मागे उभं केलं, आमच्या भाचीचे केस ओले केले आणि म्हणाली, लाव. एक नग लावायला मला चार मिनिटं लागली. दोन्ही हात केसात गुंतलेले, झाकण मिटायला तिसरा हात लागत होता. झाकणाचा हुक नको तितका घट्ट होता. ड्रॉइंगमध्ये हे कधीच दिसलं नसतं.

मोड पडण्याचा प्रश्नही तिनेच सोडवला. मी सांगत होतो की पूर्ण गोल करायचा तर साचा महाग होणार. ती आपल्या हाताकडे पाहत म्हणाली, "हात कुठे गोल असतो? बांगडी तरी गोलच राहते ना?" मी थोडा वेळ गप्प बसलो. बांगडी मनगटाला सगळीकडे चिकटत नाही, ती चार ठिकाणी टेकते. पन्हळीच्या पोटातून मी लांबीच्या दिशेने तीन पट्ट्या खाली सोडल्या, मधली सगळ्यांत लांब. त्यांची टोकं आणि पन्हळीच्या दोन कडा एका वर्तुळावर येतील अशा बसवल्या. टोकं गुळगुळीत. केस पाच ठिकाणी टेकतो आणि वाळला की डोळ्याला गोलच दिसतो. पट्ट्या पाट्या उघडण्याच्या दिशेनेच असल्यामुळे सरकता भाग लागला नाही. सांध्याची रेघ आतल्या बाजूला नेली, जिथे केस पोचत नाही. हुक सैल केला. या दुरुस्तीला चार महिने रात्री जागलो आणि आणखी ११,००० गेले, ते मात्र माझे. दाणा या वेळी नवा घेतला.

दोन वर्षांत ६,००० नग विकले गेलेत. भोरच्या बाजारात, नसरापूरला, वेल्ह्यात दोन दुकानांत. हिशोब तुम्हीच करा. साच्याचे निम्मे पैसेही अजून वसूल नाहीत. आपाच्या बांगड्या परत झालेल्या नाहीत. एका गावात एक मावशी हा रोलर बिस्किटाचा अर्धा पुडा मिटायला वापरते. तिने आणखी सहा मागवले. मी दिले.

मागच्या उन्हाळ्यात आपा विंझरजवळच्या एका वाडीत गेली होती. सोबत सामान उचलायला मी होतो. पहाटे पाचला नवरीच्या ओल्या केसात बारा रोलर लावले. सहाला लाईट गेली. कुणाचं लक्षही गेलं नाही. नवरी रोलर लावूनच हळदीचं पातेलं शोधत घरभर फिरत होती. नऊला केस सोडले. नवरीच्या आजीने एक रोलर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि केवढ्याला म्हणून विचारलं. आपाने दहा रुपये सांगितले. आजी म्हणाली, "पूर्वी भोरहून एक मणेरीण यायची, ती आकडे असेच दाखवायची. घेतलं नाही तरी हातात देऊन बघायला लावायची."

आपाने माझ्याकडे पाहिलं. आजीला तिने काही सांगितलं नाही. रोलर तिच्या हातातच राहू दिला आणि नवरीच्या बटांना पिना लावायला लागली.

आमच्या समाजात हुनर असलेली पोरं कमी नाहीत. प्रत्येक टूलरूममध्ये, गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात आहेत. दुसऱ्याने आखलेलं अचूक करून देतात. स्वतः आखायला बसत नाहीत, कारण कुणी सांगितलेलं नसतं आणि चुकलं तर भरून द्यायला पैसे नसतात. माझ्या चुकीचे पैसे एका बाईने भरले, आणि चूकही तिनेच दाखवली. अजून आठ हजार नग विकायचे आहेत. तोवर साचा ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून, दादीच्या पेटीशेजारी ठेवलाय.