मांजर "बरं नाही" असं सांगत नाही

कुवेतमधल्या आपल्या कितीतरी फ्लॅट्समध्ये मुलांच्या हट्टापायी मांजर आलंय. लाडकं असलं तरी एक लक्षात ठेवा, मांजर आजार लपवतं. म्हणून रोजचा हिशोब हवा: किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, वाळूत शूचे गोळे किती. आमच्याकडे ही वही माझी दहा वर्षांची लेक लिहिते. (सीएची मुलगी, दुसरं काय!)

मागच्या जुलैत गुरुवारी रात्री तीच म्हणाली, "आई, आज एकही गोळा नाही. बोका सारखा वाळूत जाऊन बसतोय." घरात मत पडलं, बद्धकोष्ठ असेल, शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी बघू. पण वहीतलं शून्य काही मला झोपू देईना. त्याच रात्री नेलं. मूत्रमार्ग अडकला होता! बोक्याचा हा मार्ग अरुंद असतो; लघवी पूर्ण अडली तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. आमचा वाचला.

या गोष्टींसाठी रविवारची वाट बघू नका:
– कुंथूनही लघवी न होणं
– तोंड उघडं ठेवून श्वास घेणं
– हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसणं
– सारख्या उलट्या
– 24 तास अन्नाला तोंड न लावणं

आणि घरातली पॅनाडॉल चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.

सुट्टीत भारतात जाताना ज्यांच्याकडे मांजर ठेवाल, त्यांना किल्लीसोबत ही वही आणि रात्री उघड्या असणाऱ्या व्हेटचा नंबर नक्की द्या.